राज्यपालांचे दात मोजू नका, आमदाराचा हात धरा

(जिल्हा बैठकीत वाचून दाखवण्यासाठी आणि चर्चेसाठी)



राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा हंगाम पाच वर्षांनी एकदा येतो. द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ ला शपथ घेतली, त्यांची पाच वर्षे जुलै २०२७ मध्ये भरतात. पेरणीच्या आधी बियाण्याचे दलाल गावात हिंडू लागतात, तशी या पदासाठीच्या नावांची चर्चा फार आधीच सुरू होते. त्यात एखाद्या राजभवनातल्या वयोवृद्ध राज्यपालांचे नाव असतेच असते. सप्टेंबर २०२५ मध्ये तर महाराष्ट्राचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन मलबार हिलवरून उठून थेट उपराष्ट्रपती झाले. राजभवनाची वाट दिल्लीला जाते हे पुन्हा एकदा दिसले. आता पुढची पाच-सात वर्षे पारावर आणि पेपरात एकच प्रश्न चघळला जाईल : इतक्या वयाचा राज्यपाल राष्ट्रपतीची निवडणूक जिंकू शकेल का?

बैलबाजारात गिऱ्हाईक आधी बैलाचे दात मोजते. त्यात काही चूक नाही, कारण बैलाला औताला जुंपायचे असते. पण ज्याला औताला जुंपायचेच नाही, त्याचे दात मोजून काय मिळणार? या निवडणुकीत वय, अनुभव, केलेले काम यांचा हिशेब कोणीच मांडत नाही. आणि ज्या एका कामासाठी हे पद आपल्या विदर्भाला लागते, त्याबद्दल आपणही कधी तोंड उघडत नाही. हे दुखणे आहे, आणि ते आजच्या बैठकीत बोलायचे आहे.

वय कधी आडवे आले?

आधी प्रश्नाचे उत्तर देऊन टाकू. म्हातारा राज्यपाल जिंकू शकतो. एकदा नाही, अनेकदा जिंकलेला आहे.

आजवर या देशाला १५ राष्ट्रपती मिळाले. त्यातले सहा कधी ना कधी राज्यपाल होते : झाकीर हुसेन, व्ही. व्ही. गिरी, शंकर दयाळ शर्मा, प्रतिभाताई पाटील, रामनाथ कोविंद आणि द्रौपदी मुर्मू. पहिले तिघे राज्यपाल, मग उपराष्ट्रपती, मग राष्ट्रपती अशी पायरी पायरी चढत गेले. प्रतिभाताई २००७ मध्ये राजस्थानच्या आणि कोविंद २०१७ मध्ये बिहारच्या राजभवनातून सरळ राष्ट्रपती भवनात गेले. तेव्हा त्यांची वये ७२ आणि ७१ होती.

घटनेने खालची अट घातली, पस्तीस वर्षांची. वरची अट घातलीच नाही. वेंकटरमण, नारायणन आणि प्रणव मुखर्जी हे तिघेही निवडून आले तेव्हा ७६ वर्षांचे होते. आणखी एक गंमत घटनेच्या ५८ व्या कलमात आहे. सरकारी लाभाच्या पदावर असलेल्या माणसाला ही निवडणूक लढवता येत नाही. म्हणजे तहसील कचेरीतल्या कारकुनाला आधी नोकरी सोडावी लागेल. राज्यपालाला मात्र सूट आहे. त्याचे पद लाभाचे धरलेच जात नाही!

सगळ्यात चुरशीची निवडणूक १९६९ ची. गिरी उत्तर प्रदेश, केरळ आणि म्हैसूर अशा तीन राज्यांचे राज्यपाल राहून उपराष्ट्रपती झालेले. मतदान १६ ऑगस्टला, आणि सहाच दिवस आधी त्यांनी वयाची ७५ वर्षे पूर्ण केलेली. समोर काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी. तिसरे आपले चिंतामणराव देशमुख, कोकणातले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर केंद्रातले अर्थमंत्रिपद सोडून बाहेर पडलेले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघाने त्यांना उभे केले होते. त्यांना पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मते पडली. पहिल्या मोजणीत कोणालाच कोटा गाठता आला नाही. दुसऱ्या पसंतीची मते मोजल्यावर गिरींना ४,२०,०७७ आणि रेड्डींना ४,०५,४२७ मते झाली. अंतर १४,६५० मतांचे. पक्षाचा अधिकृत उमेदवार पडला, कारण इंदिरा गांधींनी आपल्याच आमदार-खासदारांना अंतरात्म्याचा आवाज ऐकायला सांगितले होते. अंतरात्म्यालाही दिल्लीहूनच आवाज दिला जातो, हे तेव्हा देशाला कळले.

आपल्याच राजभवनातला माणूस

आता आपल्या महाराष्ट्राची गोष्ट घेऊ, २००२ ची.

डॉ. पी. सी. अलेक्झांडर जानेवारी १९९३ मध्ये महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. मुंबई दंगलीत जळत होती, तेव्हा आले. त्यांच्यासमोर शरद पवार, मनोहर जोशी, नारायण राणे आणि विलासराव देशमुख असे चार मुख्यमंत्री झाले. काँग्रेसचे सरकार गेले, युतीचे आले, युतीचे गेले, आघाडीचे आले. राज्यपाल तेच. साडेनऊ वर्षे. त्याआधी इंदिरा गांधींचे आणि काही काळ राजीव गांधींचे प्रधान सचिव, लंडनला हाय कमिशनर, तामिळनाडूचे राज्यपाल. २००२ मध्ये वय ८१.

त्या वर्षी वाजपेयींच्या आघाडीत राष्ट्रपतिपदासाठी त्यांचे नाव आघाडीवर होते. ते निवडून आले असते तर राजभवनातून थेट राष्ट्रपती भवनात जाणारे पहिले राज्यपाल ठरले असते. मग अडले कुठे? ८१ वर्षांचा माणूस हे पद पेलेल का, यावर अडले नाही. नऊ वर्षांत महाराष्ट्रात त्यांनी काय केले आणि काय करायचे राहिले, यावर तर नाहीच नाही. काँग्रेसने नकार दिला. ज्या माणसाने इंदिराजींच्या कार्यालयाचा कारभार सांभाळला, तोच आता भाजपच्या हातचा म्हणून नको झाला. ते ख्रिस्ती आहेत, यावरून दोन्हीकडे कुजबूज आणि हिशेब सुरू झाले. मधेच उपराष्ट्रपती कृष्णकांत यांचे नाव आले, तेही सात वर्षे आंध्रचे राज्यपाल राहिलेले. तेही मागे पडले. जूनमध्ये डॉ. अब्दुल कलाम यांचे नाव पुढे आले, काँग्रेसनेही होकार दिला आणि प्रश्न मिटला. कलाम यांना ९,२२,८८४ मते पडली. डाव्यांनी उभ्या केलेल्या कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना १,०७,३६६. त्यांचे वय तेव्हा ८७ होते. वयावरून त्यांचाही फैसला झाला नाही.

अलेक्झांडर जुलै २००२ मध्ये राजभवनातून बाहेर पडले, त्याच महिन्यात महाराष्ट्रातून अपक्ष म्हणून राज्यसभेत गेले. पुढे आपल्या आत्मचरित्रात त्यांनी या साऱ्याची कैफियत मांडली. त्यांना न्याय मिळाला की अन्याय झाला, याचा निवाडा दिल्लीवाले करोत. आपली कैफियत वेगळी आहे. त्या दोन महिन्यांत त्यांच्या बाजूने बोललेल्यांनी आणि विरोधात बोललेल्यांनी विदर्भाचे नाव एकदाही का घेतले नाही?

यात कास्तकाराचा काय संबंध?

संबंध आहे, आणि तो घटनेत लिहिलेला आहे. कलम ३७१, पोटकलम दोन. हे कलम प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ पाहिजे.

ते असे सांगते की महाराष्ट्रात विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी वेगळी विकास मंडळे नेमण्याची, विकासाचा पैसा या तिन्ही भागांत न्याय्य पद्धतीने वाटण्याची आणि तंत्रशिक्षण व सरकारी नोकऱ्यांत न्याय्य वाटा देण्याची खास जबाबदारी राज्यपालांवर टाकता येते. ती कोणी टाकायची? राष्ट्रपतींनी, आदेश काढून.

नीट ऐका. आदेश राष्ट्रपतींचा आणि जबाबदारी राज्यपालांची. देशातल्या बहुतेक शेतकऱ्यांना ही दोन पदे फक्त प्रजासत्ताक दिनाच्या परेडमध्ये दिसतात. विदर्भाच्या कास्तकाराच्या पाण्याचा आणि रस्त्याचा पैसा मात्र याच दोन सह्यांच्या मधे अडकलेला आहे.

कलम १९५६ चे. विधिमंडळाने मंडळे मागणारा ठराव केला १९८४ मध्ये. त्याच वर्षी वि. म. दांडेकर समितीने अनुशेष मोजला, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या मागे कोणता जिल्हा किती आहे ते रुपयांत काढले. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी निघाला, त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के. राष्ट्रपतींचा आदेश निघायला मार्च १९९४ उजाडले. तेव्हा राष्ट्रपती होते शंकर दयाळ शर्मा, स्वतः महाराष्ट्राचे माजी राज्यपाल, आणि राजभवनात होते अलेक्झांडर. मग पुन्हा मोजणी झाली. १ एप्रिल १९९४ चा अनुशेष निघाला सुमारे १४,००७ कोटी! दहा वर्षांत कर्जाला व्याज चढावे तसा तो चढला होता.

अलेक्झांडर यांनी डिसेंबर २००१ मध्ये सरकारला निर्देश दिले की पैसा अनुशेषाच्या प्रमाणात वाटा. निर्देश चांगला होता. पण मंडळे स्थापन झाली १९९४ ला आणि निर्देश निघाला २००१ च्या शेवटाला. पुढच्या सहा-सात महिन्यांत निर्देश देणारे राज्यपालच गेले. त्यांना देव्हाऱ्यात बसवण्याचे आम्हाला कारण नाही. पण विदर्भाच्या दृष्टीने त्यांच्या साडेनऊ वर्षांचा हिशेब मांडायचा तर तो या निर्देशावर मांडायला हवा होता. राष्ट्रपती होण्याच्या लायकीचा माणूस आहे की नाही, याची कसोटी इथे लागत होती. तो हिशेब कोणी मांडलाच नाही.

बारा आमदार भारी की अकरा जिल्हे?

मंडळांची मुदत पुढे पुढे ढकलत ३० एप्रिल २०२० पर्यंत आली आणि संपली. राष्ट्रपती होते रामनाथ कोविंद, स्वतः माजी राज्यपाल. राजभवनात भगतसिंह कोश्यारी, मंत्रालयात महाविकास आघाडी. मुदतवाढ झाली नाही. कोरोनाच्या धामधुमीत कोणाच्या लक्षातही आले नाही.

पुढे मार्च २०२१ मध्ये विधानसभेत प्रश्न निघाला. तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी सांगितले की राज्यपाल ज्या दिवशी विधान परिषदेची बारा नावे जाहीर करतील, त्या दिवशी आम्ही मंडळे जाहीर करू. घोडे पेंड खाते ते इथे! राज्यपाल बारा नावांची फाईल दाबून बसले होते आणि सरकार मंडळांची. एका बाजूला बारा जणांच्या आमदारक्या, दुसऱ्या बाजूला विदर्भाचे अकरा जिल्हे आणि मराठवाडा, आणि तराजू दोघांनी मिळून धरलेला. भाजपवाले म्हणाले सरकार चोर, सरकारवाले म्हणाले राज्यपाल चोर. दोघेही एकमेकांबद्दल खरे बोलत होते.

पुढे सरकार बदलले. सप्टेंबर २०२२ मध्ये नव्या मंत्रिमंडळाने मंडळे पुन्हा आणण्याचा निर्णय घेतला, पेढे वाटले गेले. पण मंत्रिमंडळाचा निर्णय म्हणजे राष्ट्रपतींचा आदेश नव्हे. त्या निर्णयाचा कागद दिल्लीला कधी पोचला आणि सही होऊन परत कधी येणार, हे आपल्या आमदाराला तोंडावर विचारा. उत्तर देताना तो किती वेळा घाम पुसतो ते मोजा.

ज्यांना वाटते मंडळे म्हणजे नुसता कागद, त्यांनी गोसीखुर्दकडे पाहावे. २२ एप्रिल १९८८ ला राजीव गांधींनी भूमिपूजन केले. मूळ अंदाज ३७२ कोटींचा, तो पुढे हजारोंच्या कोटींत गेला. भूमिपूजनाच्या वेळी वेंकटरमण राष्ट्रपती होते. त्यांच्यानंतर सात राष्ट्रपती झाले. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूरच्या कास्तकाराने नातवाला कालव्याची गोष्ट सांगितली, आता नातू आपल्या पोराला सांगतो आहे.

एका आमदाराचे मत १७५

आता आपल्या हातात काय आहे ते पाहू. हा भाग पाटीवर लिहून बैठकीत समजावून सांगा.

राष्ट्रपतींना आपण निवडत नाही. निवडून आलेले आमदार आणि खासदार निवडतात. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते, आणि ती लोकसंख्या अजूनही १९७१ ची धरतात. तेव्हा महाराष्ट्रात ५,०४,१२,२३५ माणसे होती. भागिले २८८ आमदार, भागिले हजार. उत्तर १७५. आमदाराच्या एका मताची किंमत १७५ आहे, आणि ती त्याच्या कर्तबगारीची नाही. १९७१ ला शिरगणती करणाऱ्याने ज्यांची डोकी मोजली त्यांची ती आहे. आज साठीला आलेले कास्तकार तेव्हा पोरे होती, त्यांची डोकी त्यात आहेत.

विदर्भाचे आमदार ६२. गुणिले १७५ म्हणजे १०,८५०. लोकसभेचे खासदार १०, आणि २०२२ च्या निवडणुकीत खासदाराच्या मताचे मूल्य ७०० होते, म्हणजे ७,०००. एकूण १७,८५०. गिरी १९६९ ला निवडून आले ते १४,६५० मतांच्या अंतराने. तेव्हाची मूल्ये वेगळी होती, हे खरे. पण आपल्या दारात मते मागायला येणाऱ्यांच्या खिशात केवढे माप आहे, ते यावरून कळेल.

आणखी दोन गोष्टी. या निवडणुकीत पक्षाला व्हिप काढता येत नाही, आणि मतदान गुप्त असते. एरवी आमदार म्हणतो, "काय करू भाऊ, पक्षाचा आदेश होता." या एका दिवशी त्याला हे म्हणण्याची सोय घटनेने ठेवलेली नाही.

"आपल्या मताने काय होते?"

इथे शहाणे लोक हरकत घेतील. २०२२ मध्ये मुर्मूंना ६,७६,८०३ आणि यशवंत सिन्हांना ३,८०,१७७ मते पडली. अंतर जवळजवळ तीन लाखांचे. विदर्भाच्या १७,८५० मतांना तिथे कोण विचारतो?

मतमोजणीच्या दिवशी कोणी विचारत नाही, हे मान्य. कापूस गाडीतून उतरवून जिनिंगच्या काट्यावर चढवल्यावर भाव ठरवता येत नाही, हे आपल्याइतके कोणाला माहीत आहे? भाव आधी ठरवावा लागतो. राष्ट्रपतींचा उमेदवार ठरण्याआधी सहा महिने दिल्लीत मतांची जुळवाजुळव चालते, तेव्हा एकेका मताला किंमत असते. शिवसेनेचे पाहा. २००७ ला भाजपच्या आघाडीत असून प्रतिभाताईंना मते दिली. २०१२ ला त्याच आघाडीत असून प्रणवबाबूंना दिली. २०२२ ला महाविकास आघाडीतल्या शिवसेनेने मुर्मूंना पाठिंबा दिला. तीन निवडणुकांत तीनदा कुंपण ओलांडले. म्हणजे मते फिरतात. कधी मराठी अभिमानासाठी फिरतात, कधी पक्ष वाचवण्यासाठी. अनुशेषासाठी एकदाही फिरल्याचे ऐकले आहे का?

दुसरी हरकत अशी की राष्ट्रपती तर रबरी शिक्का, मंत्रिमंडळ सांगेल तिथे उमटणारा. तेही मान्य. पण शिक्का उमटल्याशिवाय कागद चालत नाही, आणि सात-बारावर तलाठ्याच्या शिक्क्यासाठी ज्याने चार खेपा घातल्या त्याला शिक्क्याची किंमत शिकवू नये. शिक्का मंत्रिमंडळाच्या हातात आहे, म्हणून तर मंत्रिमंडळाला ज्यांची मते हवी आहेत त्या आमदार-खासदारांना धरायचे.

तिसरी हरकत भाबड्यांची. "आपला माणूस झाला की आपले भले होईल." शंकर दयाळ शर्मा आपल्या राजभवनात राहून गेलेले होते, त्यांनी आदेश काढला, पण दहा वर्षे ठराव आणि ओरड झाल्यावर. कोविंदही राजभवनातून गेलेले होते, त्यांच्या काळात मंडळे मेली, कारण खालून कोणी ओरडलेच नाही. २००७ ला मराठी राष्ट्रपती झाल्याचा आनंद आम्हालाही झाला. अमरावती तर त्यांचे सासर. पण त्या मतांच्या बदल्यात विदर्भासाठी अमुक एक मागून घेतले, असे एकाही आमदाराने गावात येऊन सांगितल्याचे आम्हाला आठवत नाही.

बैठकीपुढे ठेवायचा ठराव

म्हणून पुढचा राष्ट्रपती कोण, राज्यपाल की मंत्री, ऐंशीचा की साठीचा, या गप्पा बंद करून प्रत्येक जिल्हा बैठकीने खालील ठराव करावा.

१. विदर्भातल्या प्रत्येक आमदार-खासदाराने राष्ट्रपतिपदाच्या मतदानाआधी लेखी सांगावे की कलम ३७१ (२) खालील मंडळांसाठी त्याने कोणाकडे, कोणत्या तारखेला मागणी केली.

२. उमेदवार मते मागण्यासाठी मुंबई-नागपूरला येतात, तेव्हा आपल्या आमदाराने त्यांना एकच प्रश्न विचारावा : मंडळांचा आदेश आपल्यासमोर आला तर किती दिवसांत सही कराल?

३. राज्यपाल हिवाळी अधिवेशनाच्या निमित्ताने नागपुरात येतील तेव्हा जिल्ह्याच्या शिष्टमंडळाने भेट मागावी. हार-तुरे न्यायचे नाहीत. आपल्या तालुक्याच्या अर्धवट कालव्यांची आणि रस्त्यांची यादी न्यायची आणि पोच घ्यायची.

४. ज्या आमदाराने उत्तर दिले नाही त्याचे नाव ग्रामसभेत वाचून दाखवावे. शिवीगाळ नको, नुसते नाव वाचावे.

ठरावाची एक प्रत आमदाराला, एक राज्यपालांच्या कार्यालयाला आणि एक राष्ट्रपती भवनाला स्पीड पोस्टाने पाठवावी. पोस्टाच्या पावत्या जपून ठेवा आणि पुढच्या जिल्हा बैठकीला सोबत आणा. कोणाचे उत्तर आले, कोणाचे नाही, ते त्या बैठकीत सगळ्यांसमोर वाचले जाईल.